काडी मोडल्याची साक्ष

उकंडरावाला कोर्टाचं बोलावणं काय आलं, त्याचं वागणं नवरदेवासारखं झालं आणि गोजराबाईच्या कपाळावर बसलेली आठी काही निघेना. साक्षीला जायचं तर अंगात सदरा घालावा, पायात चप्पल अडकवावी आणि निघावं. या बुढ्यानं सुनेकडून धोतराला नीळ घालून घेतली, शिरपूरहून नवा फेटा आणवला आणि मिशीला काळं लावलं. ते काळं घामानं गालावर उतरलं तरी याला पत्ता नाही. एसटीनं येणार नाही म्हणाला. जीप पाहिजे, अन् जीपमधली पुढचीच जागा पाहिजे. मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबवून चहा प्यायला, त्यात साखर कमी म्हणून परत केला, दुसरा प्यायला. वर रस्ताभर नातीचं, संस्कृतीचं, पुराण लावलेलं. संस्कृतीला अमरावतीचं स्थळ आलंय, मुलगा इंजिनेर, घराणं असं की दारात चप्पल काढायलासुद्धा वेगळी खोली.

मागच्या बाकावरून गोजराबाई बोललीच. "साक्षीले चालले का सोताच्या लग्नाले, भाऊजी?"

"पंच हाय मी, वहिनी," उकंडराव न वळता म्हणाला. "सरकारनं पंच मनून बलावलं. पंचानं कसंबी जावं का?"

"पंच होते तवा उघड्या अंगानं बसत होते. न्याय बराबर होये तवा."

जीपवाला हसला. उकंडराव हसला नाही. गोजराबाईनं मग जीभ दातांखाली धरली. एरवी तिनं या माणसाला वाशीमचं कोर्ट येईपर्यंत सोलून ठेवला असता. पण साऱ्या जातीत तिच्यासाठी उघडायला तयार झालेलं ते एकच तोंड होतं, आणि ते आज दुपारपर्यंत नीट राहणं भाग होतं.

तिची हकिगत गावाला तोंडपाठ होती. तिचं पहिलं सासर मंगरूळपीरकडचं. तो नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता. त्याला ही बायकोच नको होती. लग्नानंतर निघून गेला तो वर्षानं आला, दुसरीला घेऊन. गोजराबाईच्या बापानं लेकीला घरी आणलं आणि पंच बसवले. शिरपूरच्या बाजाराचा दिवस पाहून तीन गावचे पंच बाभळीखाली बसले. ज्वारीची वाळकी काडी आणली. एक टोक त्याच्या हातात, एक हिच्या हातात. मोडा म्हणाले, मोडली. दोघांनी आपापला तुकडा पाठीमागं फेकला, पंचांनी गूळ खाल्ला, झालं. कागद नाही, अंगठा नाही. त्या पंचांत सगळ्यात तरणा उकंडराव होता, आजारी बापाच्या जागेवर आलेला.

पुढच्या वर्षी त्याच्याच चुलतभावाशी, नानाजीशी, तिचा पाट लागला. नानाजीची पहिली बायको वारली होती. पाटाला वाजंत्री नसते, मांडव नसतो. बाई दिवेलागणीला मागच्या दारानं घरात येते आणि सकाळी चुलीपुढं दिसते, जशी काही आधीपासून तिथंच होती. पाटाच्या बाईचा हात लग्नघरी हळदीला लागू देत नाहीत. पंचेचाळीस वर्षं लागू दिला नाही. गोजराबाईनं कधी कुरकुर केली नाही. "तुमची हळद तुमच्या आंगाले लावा," म्हणायची, "माही हळद मी वरणात टाकतो." पण नानाजीचं घर म्हटलं की गाव तिचंच नाव घ्यायचं. गडी तिला विचारून वावरात जायचे, नानाजी तिला विचारून तालुक्याला जायचा.

नानाजी मागच्या पोळ्यानंतर गेला. मूल झालं नव्हतं. वारलेल्या दिराचा मुलगा हरीओम तिच्याच हातचं खाऊन वाढला, तिनंच त्याचं लग्न केलं. तेरवीला पंगतीत तूप वाढत फिरला तोच हरीओम. आणि त्यानंच फेरफाराला आक्षेप घेतला, मग कोर्टात दावा टाकला: गोजराबाई ही मयत नानाजीची बायको नव्हे. तिचं पहिलं लग्न कोणत्याही कोर्टानं मोडलेलं नाही, पहिला नवरा त्या वेळी जिवंत होता, त्यामुळे पाट म्हणजे काहीच नाही. वारस मी.

तिनं अंगणातूनच त्याला विचारलं होतं. "मंग मी नानाजीची कोण लागतो रे, हरीओम?"

"मले काहून विचारतं, मोठीमाय?" तो मान वर न करता म्हणाला. "कायद्याले विचार."

म्हणून ती कायद्याला विचारायला गेली.

शिरपूरच्या केशरीचंदांच्या दुकानात तिचं सोयाबीन अन् तूर वर्षानुवर्षं जात होती. त्यांचा नातू संयम वाशीमला वकिली करतो. त्याच्यासमोर बसून तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि मग विचारलं, "हा कायदा हाय कोणाचा, बावा?"

"आपलाच, आजी."

"आपला असता त मले वळखला असता."

संयम तरुण होता, पण ऐकणारा होता. त्यानं फाईल मिटली. "एकाचा नाही आजी, कितीजणांचा आहे. दिवाणी, फौजदारी, वकील, दावा, तारीख, हे सगळं मुसलमानी अमलातलं. जुन्या फारसी कारभारातून आलेलं."

"तेच मनतो. दर्ग्यावरला मुजावर बोलते तसंच वाटते कोर्टात."

"मग निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. नावाला मालक निजामच, कारभार मात्र इंग्रजाचा."

गोजराबाईनं तोंडाला पदर लावला. "आता वं माय! मंजे वऱ्हाडाचाच पाट लागला मन की! पहिल्या नवऱ्यानं काडी तरी मोडली होती का?"

संयमला ठसका लागला. "नाही मोडली. इंग्रज जाईपर्यंत कागदावर वऱ्हाड निजामाचंच."

"अन् त्या संसारातून झालेला कायदा पवित्तर. माहा पाटच तेवढा खोटा."

संयमनं ठसका आवरला. तो पुढं सांगत राहिला. इंग्रजानं आपल्या देशातलं कोर्ट आणलं, शपथ आणली, पुराव्याचे नेम आणले, अपील आणलं. पण लग्न, वाटणी, दत्तक यांना हात लावायला तो बिचकला. म्हणाला, हिंदूंना त्यांचं शास्त्र, मुसलमानांना त्यांचं. आता हिंदूंचं शास्त्र साहेबाला कोण सांगणार? पंडित. पंडितांनी पोथ्या काढल्या, साहेबांनी त्या आपल्या भाषेत करून घेतल्या आणि पोथीतली ओळ म्हणजे कायदा झाला. काशीकडची पोथी लावायची का मुंबईकडची, यावरच वकील भांडत बसत.

"अन् आमच्या गावची पोथी?"

"तुमच्या गावची पोथी नव्हती, आजी. रीत होती. ती साहेबालाही मोडता आली नाही. त्याच्या कोर्टानं म्हटलं, पोथी एक सांगते आणि जातीची रीत दुसरं सांगते, तर पक्की सिद्ध झालेली रीत खरी. पुढं आपलं राज्य आलं, हिंदूंच्या लग्नाचा कायदा झाला, घटस्फोट कोर्टातूनच घ्यायचा असं ठरलं. पण त्या कायद्यात शेवटी एक खिडकी ठेवली. जातीच्या रिवाजानं मोडलेलं लग्न, ते मोडलेलंच. आपल्याला त्या खिडकीतून आत जायचंय."

"घरात मांगच्या दारानं आली, आता कोर्टात खिडकीतून," गोजराबाई म्हणाली. "सरळ दार माह्या नशिबात लिवलंच नाई वाटते. बरं. काय लागते तिथं?"

संयमनं तिला तिथली मेख सांगितली. कायद्याचं पुस्तक न्यायाधीशापुढं सिद्ध करावं लागत नाही, ते त्याला पाठ असतं. रीत मात्र माणसानं पिंजऱ्यात उभं राहून सांगावी लागते. ती जुनी आहे, मधे कधी तुटली नाही, आमच्यात सगळे मानतात, मी डोळ्यानं पाहिली, असं जातीतल्या माणसानं म्हणावं लागतं. सांगणारा मिळाला नाही, तर कोर्टाच्या दृष्टीनं ती रीत कधी नव्हतीच. मग त्यानं आपल्या पणजीचं, गुलाबबाईचं सांगितलं. तिनं नवरा वारल्यावर, त्याची परवानगी नसताना मुलगा दत्तक घेतला. भाऊबंद कोर्टात गेले, पोथीत असं बसत नाही म्हणाले. तेव्हा सगळी पेठ दुकानं बंद करून साक्षीला गेली. आमच्या जैनांत विधवेला कोणाला विचारावं लागत नाही, असं एकेकानं येऊन सांगितलं. कोर्टानं मानलं.

"तुमचे लोक बोलले," गोजराबाई उठत म्हणाली. "आमचेबी बोलतीन. आमच्याइतके तोंडाळ लोक वऱ्हाडात नाईत."

आणि ती घरोघर फिरली. ज्या घरांत पाट लागले होते ती घरं तिला ठाऊक होती, कोणाची काडी कुठं मोडली तेही ठाऊक होतं. पहिल्या घरी चहा मिळाला. "पाट? आमच्याइकडं? कोन सांगतलं तुमाले, काकू?" दुसऱ्या घरी म्हातारी बोलायला लागली तर सुनेनं तिला आत नेलं, औषधाची वेळ झाली म्हणे. तिसऱ्या घरी लेकीची सोयरीक चालू होती, तिथं तर दारातच म्हणाले, जुन्या गोष्टी उकरू नका. आता साऱ्यांना मांडव पाहिजे होता, वाजंत्री पाहिजे होती, भटजी पाहिजे होता. आपल्याच आज्या-पणज्या कोणत्या दारानं आल्या हे कोणालाच आठवत नव्हतं. एका माणसानं तर हात जोडले. "मोठीमाय, तुमी खऱ्या हा. पन माह्या पोरीचं लगन हाय."

एकेक घर सरत गेलं तसं गोजराबाईचं बोलणं कमी होत गेलं. भांडायला समोर कोणी लागतो. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. आठवत नाही म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

एकटा उकंडराव हो म्हणाला. छाती पुढं काढून म्हणाला. "काहून नाई सांगनार? मी होतो ना तिथं. पंच होतो."

कोर्टात पंखा फिरत होता, त्याचा वारा फक्त फायलींना लागत होता. हरीओम पलीकडच्या बाकावर बसला होता. उकंडरावाच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा त्यानं फेटा सारखा केला आणि पिंजऱ्यात असा चढला की जणू तो पिंजरा त्याच्यासाठीच बांधला असावा. शपथ घेतली. त्याच्या नावाचं शपथपत्र संयमनं आधीच दिलं होतं: जातीत काडीमोडीची रीत पूर्वापार आहे, पाट मान्य आहे, गोजराबाईची काडी माझ्यासमोर मोडली. संयमनं विचारलं, हे सारं खरं ना? "खरं, साहेब." गोजराबाईनं पदराची गाठ सोडली आणि परत बांधली.

मग हरीओमचा वकील उठला. पिकल्या केसांचा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं उकंडरावाला दरडावलं नाही. काका म्हणाला.

"काका, तुमचं घराणं जुनं. पाटलाचं."

"हो जी."

"मग तुमच्या घरातसुद्धा बरेच पाट लागले असतील?"

उकंडरावाची मान ताठ झाली. त्यानं मागच्या बाकांकडं पाहिलं. आपापल्या तारखेची वाट पाहणारे तालुक्याचे लोक बसले होते तिथं. "आमच्या घरात? कोन सांगतलं? आमच्या घरात असलं नाई."

"एकही नाही?"

"एकबी नाई. पाटलाचं घर हाय ते."

"मग ही काडीमोड, हा पाट, कोणात चालायचं?"

"हलक्या लोकाइत, साहेब. चांगल्या घराइत नाई."

गोजराबाई अर्धी उठली. संयमनं हातानं खूण करून तिला बसवलं.

"आणि आता चालतं?"

"आता? छ्या! सुधारलेली जात हाय आमची. माह्या आज्यानंच बंद केलं ते सारं. मी पोट्टा होतो तवा."

"म्हणजे तुम्ही पंच झालात तेव्हा ही रीत बंद पडलेली होती."

उकंडरावानं फेट्याचा शेव चाचपला. कुठंतरी पाय घसरतोय हे त्याला कळलं असावं. पण मागं यायचं तर पाटलाचं घर सोडून यावं लागत होतं. "बंदच होती," तो म्हणाला.

"मग काका, त्या दिवशी बाभळीखाली तुम्ही काय करत होता?"

"बाजार होता. लोक बसले होते, मीबी बसलो. गूळ वाटला, खाल्ला."

मागं कोणीतरी हसलं. टायपिस्टची बोटं चालतच होती. उकंडरावाचा एकेक शब्द तिथं उतरत होता.

संयम वाकून गोजराबाईच्या कानाशी आला. "आजी, मला त्यांना पुन्हा विचारता येईल. तुमचा तर वादातलाच, तो सोडून त्यांच्या घरातला एक तरी पाट तुम्हाला माहीत आहे का? एक नाव सांगा. एका नावानं हे सगळं उलटवतो."

नाव तिला माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं, म्हणूनच कोणी घेत नव्हतं. भागिरथा. उकंडरावाची माय.

पाटाच्या दिवशी दिवेलागणीला गोजराबाई मागच्या दाराशी उभी राहिली तेव्हा आतून हात पुढं करणारी भागिरथा होती. बाकीच्या बाया आडोशाला गेल्या होत्या. पाटाच्या बाईचं तोंड पहिल्यांदा कोणी पाहायचं नसतं. भागिरथेनं तिची हनुवटी धरून वर केली होती. "मीबी याच दारानं आली," ती हळूच म्हणाली होती. "चौकट बुटकी हाय मनून वाकजो, पोरी. दुसऱ्या कायच्यासाठी वाकू नको." दुखण्या-खुपण्यात, नानाजीच्या रागात, कूस उजवली नाही तेव्हाच्या टोमण्यांत, भागिरथा होती म्हणून गोजराबाई त्या घरात टिकली. मेली तेव्हा तिचं डोकं हिच्याच मांडीवर होतं, पोटचा लेक बैलबाजाराला गेला होता.

ते नाव आता इथं घ्यायचं. या पंख्याखाली, हरीओमसमोर, त्या खिदळणाऱ्या बाकांसमोर. पोटच्या लेकानं आताच टायपावर 'हलके लोक' हे शब्द चढवले होते. नाव घेतलं की भागिरथा त्याच ओळीच्या खाली जाऊन बसणार. मेलेल्या बाईला पिंजऱ्यात उभी करायची, म्हणजे जित्या बाईला घर मिळेल.

गोजराबाईनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "मले नाई माईत कोणाचं."

संयम सरळ झाला आणि न्यायाधीशाला म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिच्यासाठी पाणी आणलं. निकाल लागायला वेळ लागेल म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, खोटी आशा देत नाही आजी. रीत बंद पडली होती असं आपल्याच साक्षीदारानं सांगितलं. मेलेली रीत कोर्ट जिवंत करत नाही. पहिलं लग्न कायम, म्हणून पाट नाही. पाट नाही, म्हणून वारस हरीओम.

"घरातून काढन तो मले?"

"निकालानंतर काढू शकतो."

"अन् मी नानाजीची कोण?"

संयमनं व्हरांड्याच्या फरशीकडं पाहिलं. "कायद्यानं कोणी नाही, आजी."

ती पाणी प्यायली नाही. गिलास कठड्यावर ठेवला. एवढी कोर्टं, एवढ्या पोथ्या, निजाम, साहेब, काशीचे पंडित, दिल्लीचे पुढारी; एवढ्या साऱ्यांनी मिळून केलेल्या कायद्यात तिच्या जातीची अशी एक काडी होती. ती तिच्याच माणसानं काढून फेकली, अन् तीही कोणी मागितली नसताना. तिनं पदर खोचला आणि ती जीपकडं निघाली.

जीपपाशी हरीओम उभा होता. "मोठीमाय, जागा हाय का? एसटी गेली."

गोजराबाई मागच्या बाकावर चढून आत सरकली. "बस," ती म्हणाली. "गाव त एकच हाय."

रस्त्यानं बोलत होता तो एकटा उकंडराव. वकील कसा काका म्हणाला, जज्जानं कसं त्याच्याकडंच पाहून ऐकलं, आपण कसं एकदाही अडखळलो नाही. मधेच त्याला काहीतरी टोचलं असावं. मागं वळून म्हणाला, "मी त तुमच्यासाठीच आल्तो, वहिनी. मी बराबर सांगत होतो, त्यानंच इकडून तिकडून नेलं मले. अन् संस्कृतीचं लगन हाय ना. इच्चार करा तुमी." गोजराबाई खिडकीबाहेर पाहत राहिली. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. नानाजीच्या वावरातही फुलल्या असतील. ते वावर आता कोणाचं म्हणायचं, तिला कळेना.

गावच्या फाट्यावर जीप थांबली. उकंडराव बसूनच होता, कोणीतरी दार उघडायची वाट पाहत. गोजराबाई मागून उतरली, पुढं आली आणि तिनं स्वतः दार उघडलं. हरीओम मागं उभा होता, जीपवाला स्टिअरिंगवर हात ठेवून होता. तिनं आवाज खाली केला नाही.

"भाऊजी, आयका. मी पाटाची मनून ठेवलेली ठरली, ते मी सोसीन. दुसरं करू काय? पन तुमी आज पिंजऱ्यात उभं राहून एकट्या मले ठेवलेली नाई केलं. जिनं तुमाले नऊ मयने पोटात वागवलं तिलेबी केलं, अन् ते करताना तुमची मान ताठ होती. तिचं नाव माह्या तोंडापोतर आल्तं. घेतलं असतं त माहं घर राह्यलं असतं. मी गिळलं, तिच्यासाठी, तुमच्यासाठी नाई. मी आता कायद्यानं कोणाची कोणी नाई. पन तुमी रीतीनंबी कोणाचे कोणी राह्यले नाई. उतरा खाली."